दूरस्थ श्रवणोपचार आणि कुटुंब : एक ऐतिहासिक विचार

१

लहान मुलाला ऐकू येत नाही हे ध्यानात आल्यावर त्याला भाषा कोणी शिकवावयाची, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच भाषाशास्त्राचा आणि सामाजिक इतिहासाचाही आहे. अलीकडे, विशेषतः २०२० नंतर, तज्ज्ञ एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी अशा स्थितीत दूरध्वनीच्या अथवा दृक्-श्राव्य यंत्रणेच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या उपचारांना 'दूरस्थ श्रवणोपचार' असे संबोधण्यात येऊ लागले आहे. या पद्धतीत कुटुंबाचा सहभाग अपरिहार्य असतो, असे या क्षेत्रातील अभ्यासक आवर्जून सांगतात. हे विधान यथार्थ आहे. मात्र ही गोष्ट नव्या यंत्रांमुळे प्रथमच घडून आली, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

शिक्षक दूर आणि मूल घरी, ही व्यवस्था पडद्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. तिचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, साधने बदलत गेली तसतसे बहिऱ्या मुलाच्या संदर्भातील कुटुंबाचे स्थानही बदलत गेले. प्रथम कुटुंब हे केवळ पोषणकर्ते होते. पुढे ते मुलाला संस्थेच्या स्वाधीन करणारे झाले. त्यानंतर टपालाने धडे घेणारे विद्यार्थी झाले. आणि आज ते तज्ज्ञाचे हात व कान झाले आहे. या चार अवस्थांचा महाराष्ट्राच्या, आणि शक्य तेथे पुण्याच्या, संदर्भात विचार करणे व त्यातून मराठीच्या अभ्यासकावर कोणती जबाबदारी येते ते पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल. संस्कृत 'बधिर' शब्दापासून प्राकृत 'बहिर' व त्यापासून मराठी 'बहिरा' हा शब्द आला, हे सर्वश्रुत आहे. 'बधिर' हा तत्सम शब्दही मराठीत राहिला. परंतु त्याचा अर्थ सरकला. 'हात बधिर झाला', 'शस्त्रक्रियेपूर्वी तो भाग बधिर केला' अशा प्रयोगांत त्याला 'संवेदनाशून्य' असा अर्थ प्राप्त झाला आहे. त्यामुळे श्रवणाचाच अभाव सूचित करावयाचा तर 'कर्ण' हे पद जोडणे मराठीला आवश्यक वाटले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'कर्णबधिर' ही द्विरुक्ती आहे; प्रचलित अर्थाच्या दृष्टीने मात्र ती सार्थ आहे.

याहून महत्त्वाचा बदल 'मूकबधिर' आणि 'कर्णबधिर' या दोन शब्दांमधील आहे. पुण्यात टिळक रस्त्यावरील रुईया विद्यालयाच्या नावात 'मूकबधिर' हा शब्द आहे, तर सुहृद मंडळाच्या रंगनाथन विद्यालयाच्या नावात 'कर्णबधिर' हा आहे. एकाच शहरातील या दोन नावांत एका विचाराचा प्रवास नोंदलेला आहे. 'मूकबधिर' या समासात मूकत्व व बधिरत्व ही दोन व्यंगे जणू जन्मतःच एकत्र येतात, असा समज गृहीत धरलेला आहे. 'कर्णबधिर' या शब्दाने मूकत्व वगळले. मुलाचा कंठ बहुधा निर्दोष असतो. ते बोलत नाही याचे कारण भाषा त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते, ही जाणीव त्या वगळण्यामागे आहे. आणि भाषा पोहोचलेली नसेल, तर ती पोहोचविणारा कोण, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो.

जुन्या धर्मशास्त्राला हा प्रश्न पडलेला नव्हता. मनू आणि याज्ञवल्क्य यांनी जन्मतः बधिर असलेल्यास दायभागातून वगळले व त्याच्या भरणपोषणाचा भार अंश घेणाऱ्यांवर टाकला. म्हणजे कुटुंबाचे कर्तव्य अन्नवस्त्रापुरते होते. शिक्षणाचा त्यात अंतर्भाव नव्हता. ही व्यवस्था दूरच्या भूतकाळातील आहे असे समजून चालणार नाही. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी मिताक्षरेला अनुसरून जन्मजात व असाध्य बधिरत्व हे वारसाहक्काला बाधक मानले होते. १९२८ च्या कायद्याने ही अपात्रता मिताक्षरा कुटुंबांपुरती दूर केली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष अथवा वैगुण्य या कारणांवरून कोणालाही वारसाहक्क नाकारता येणार नाही असे स्पष्ट केले. तेव्हा घरातील बहिरे मूल हे कायद्याने पूर्ण वारस होऊन एक शतकही लोटलेले नाही. संपत्तीचा वारसा त्याला असा मिळाला. भाषेचा वारसा मिळवून देणे हे मात्र कायद्याच्या आवाक्यातील काम नव्हते.

३

ते काम प्रथम संस्थांनी हाती घेतले. मुंबईत १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने बहिऱ्या मुलांची शाळा निघाली; भारतातील अशा शाळांत ती आद्य मानली जाते. कलकत्त्याची शाळा १८९३ मधील. तत्पूर्वी १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हस्तसंकेतांपेक्षा मुखोच्चाराने शिकविण्याची पद्धती श्रेष्ठ ठरविली होती. त्या ठरावाचा प्रभाव पुढे दीर्घ काळ जगभरच्या शाळांवर राहिला.

या काळातील शाळा बहुतेक वसतिगृहांच्या स्वरूपाच्या होत्या व मूल शाळेच्या वयाचे झाल्यावर त्यात दाखल होई. म्हणजे भाषाग्रहणाची सर्वांत अनुकूल अशी पहिली चार-पाच वर्षे घरातच, आणि बहुधा निःशब्द, निघून जात. मूल संस्थेत गेल्यावर तेथे जे शिके, ते घरच्यांना ठाऊक नसे. सुट्टीत घरी आल्यावर त्याच्याशी संवाद कसा साधावयाचा, हे आईबापांना उमगत नसे. शाळांनी केलेले कार्य मोठे होते यात शंका नाही. परंतु त्या व्यवस्थेत ज्ञानाच्या दृष्टीने कुटुंब बाहेरच राहिले.

युरोपात या विचाराला पहिला छेद मँचेस्टर विद्यापीठात मिळाला. तेथे १९१९ मध्ये बधिरांच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्या विभागातील आयरिन युइंग व त्यांचे पती अलेक्झांडर युइंग यांनी १९४४ मध्ये तान्ह्या मुलांतील बधिरत्व कसे ओळखावे याविषयी महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. तान्हेपणीच बधिरत्व ओळखता येते हे एकदा सिद्ध झाले की शाळेची वाट पाहण्याचे समर्थन उरत नाही. तान्ह्या मुलाचा शिक्षक त्याच्या घरातच असावयास हवा.

४

दूरस्थ पद्धतीचा खरा आरंभ मात्र अमेरिकेत आणि टपालाच्या द्वारे झाला. चित्रपट अभिनेते स्पेन्सर ट्रेसी यांचा पुत्र जॉन हा जन्मतः बहिरा होता. त्याची आई लुईझ ट्रेसी यांनी त्याला स्वतः बोलावयास शिकविले, आणि त्या अनुभवाच्या बळावर १९४२ मध्ये लॉस एंजेलिस येथे 'जॉन ट्रेसी क्लिनिक' ही संस्था स्थापन केली. लगेच पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, दूरच्या पालकांसाठी टपालाने चालणारा पाठ्यक्रम सुरू करण्यात आला. त्याला शुल्क नव्हते. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली व विविध देशांतील कुटुंबांनी त्याचा लाभ घेतला.

या पाठ्यक्रमाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. धडे मुलासाठी नसून आईबापांसाठी होते. एक धडा यावयाचा. त्याप्रमाणे घरी काम करावयाचे. मुलाने काय केले, कोणत्या शब्दाकडे लक्ष दिले, कोठे कंटाळले, हे आईने पत्राने कळवावयाचे. ते वाचून संस्थेने त्या विशिष्ट मुलाला उद्देशून उत्तर द्यावयाचे, आणि मग पुढचा धडा. आजच्या दूरस्थ उपचारातील सर्व महत्त्वाची अंगे या व्यवहारात दिसतात. फरक वेगाचा आहे. पत्रोत्तराला लागणारे आठवडे आज क्षणांवर आले.

तथापि या मंदगतीचा एक लाभही होता, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. पत्र लिहावयाचे म्हणून आईला आठवडाभर मुलाचे निरीक्षण करावे लागे आणि जे पाहिले ते शब्दांत मांडावे लागे. या लेखनामुळे ती केवळ सूचना पाळणारी न राहता निरीक्षक बनत असे. भाषाशास्त्रात बालभाषेच्या अभ्यासाचा पाया अशाच घरगुती रोजनिशींवर घातला गेला आहे, हे येथे स्मरावे. त्याच वेळी या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. ज्या आईला लिहिता-वाचता येत होते, तिच्यापुरताच हा मार्ग खुला होता.

५

टपालाच्या धड्यांचे भाषांतर होऊ शकते. ते ज्या भाषेसाठी योजलेले असतात तिच्या घडणीचे मात्र भाषांतर होत नाही. येथे पुण्यातील एका संशोधनाचा उल्लेख करणे आवश्यक आहे.

डेक्कन कॉलेजचे भाषाशास्त्रज्ञ अशोक रा. केळकर यांचा मराठीतील लाडिक बालभाषेवरील निबंध १९६४ मध्ये 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील अशा बोलींची तुलना केली, आणि त्या सहा भाषांत मराठीचा समावेश होता. मोठी माणसे लहान मुलांशी बोलताना जी भाषा वापरतात ती केवळ मुलांच्या बोबड्या बोलांची नक्कल नसून परंपरेने चालत आलेली, स्वतःचे नियम असलेली भाषा आहे, हे या अभ्यासांतून पुढे आले. श्रवणोपचाराशी या निबंधांचा संबंध नव्हता. परंतु आज तो जोडून पाहण्यासारखा आहे.

'मंमं', 'भूभू', 'हम्मा', 'जोजो', 'चिऊ', 'काऊ' हे शब्द पाहावे. त्यांत स्वरांचा आणि घोष वा अनुनासिक व्यंजनांचा भरणा आहे, आणि पुनरुक्ती हा त्यांचा विशेष आहे. या ध्वनींची पुष्कळशी शक्ती खालच्या कंपनसंख्यांत असते. आणि पुष्कळ कर्णबधिर मुलांचे उरलेले श्रवणही त्याच भागात असते. म्हणजे आजीच्या तोंडची ही बोली अशा मुलाला ऐकू येण्यास इतर बोलण्यापेक्षा अधिक सोयीची आहे. दुर्दैव असे की, मूल ऐकत नाही हे कळताच घरातील माणसे बहुधा प्रथम हीच बोली सोडतात. मुलाशी बोलून उपयोग नाही असे त्यांना वाटते आणि घर अबोल होते. बधिरत्वाने जेवढी हानी होते तिच्यात या अबोलपणाने भर पडते. दूरस्थ उपचाराचे पहिले कार्य, कोणत्याही यंत्रापूर्वीचे, घराला पुन्हा बोलते करणे हे होय.

दुसरा मुद्दा व्याकरणाचा. इंग्रजीत अनेकवचन, षष्ठी व तृतीय पुरुषी क्रियापद या तिन्हींचा भार बव्हंशी एका 'स'कारावर आहे, आणि तो क्षीण व उच्च कंपनसंख्येचा ध्वनी असल्याने कर्णबधिर मुलाच्या हातून निसटतो. म्हणून इंग्रजीतील धड्यांत त्यावर विशेष भर असतो. मराठीत 'आला, आली, आले' हा भेद अंत्य स्वरांनी व्यक्त होतो, आणि स्वर तुलनेने अधिक ऐकू येतात. उलट, 'घरात' मधील 'त' हा प्रत्यय दुर्बळ आहे. आणि 'चार' व 'चारा' यांतील तालव्य व दंत्य चकारांचा भेद इंग्रजी धड्यांत असणारच नाही. परकीय पाठ्यक्रम जसाच्या तसा मराठीत आणल्यास जेथे कष्ट घ्यावयास नकोत तेथे ते घेतले जातील आणि जेथे घ्यावयास हवेत ती जागा मोकळी राहील.

६

स्वातंत्र्योत्तर काळात या विषयाला शासकीय अधिष्ठान लाभले. म्हैसूर येथे १९६५ मध्ये अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत जन्मजात बधिरत्वाचा त्यात समावेश आहे. केंद्र शासनाच्या साहाय्यक उपकरण योजनेच्या २०१४ मधील सुधारित स्वरूपात प्रतिवर्षी ५०० बालकांना कर्णशंकूतील आरोपणासाठी, प्रत्येकी ६ लाख रुपयांच्या मर्यादेत, साहाय्य देण्याची तरतूद झाली.

शस्त्रक्रिया हा आरंभ असतो. आरोपणानंतर यंत्राची जुळणी वारंवार करावी लागते आणि ऐकण्याबोलण्याचा सराव दीर्घ काळ चालू ठेवावा लागतो. हे शिक्षण देणारे तज्ज्ञ मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या नगरांत एकवटलेले. त्यामुळे वेल्हे किंवा जुन्नर परिसरातील कुटुंबाला एका तासाच्या पाठासाठी संपूर्ण दिवस आणि त्या दिवसाची मजुरी खर्ची घालावी लागते. हे अंतर तोडण्याचे दोन मार्ग संभवतात : कुटुंबाने तज्ज्ञाकडे जाणे, अथवा तज्ज्ञाने कुटुंबाकडे येणे.

पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण म्हैसूर येथील बधिर मुलांच्या पालकांच्या संघाने चालविलेली शाळा होय. तेथे आईलाच मुलाबरोबर शिकविले जाते व त्यासाठी ती काही वर्षे गाव सोडून तेथे राहते. फळ मोठे, पण मूल्यही मोठे. दुसऱ्या मार्गावर अमेरिकेतील युटा राज्यात १९७२ पासून घरोघर जाऊन पालकांना मार्गदर्शन करण्याची योजना सुरू झाली. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संस्थेने २००२ मध्ये दूरवरच्या कुटुंबांसाठी दृक्-श्राव्य शाळा काढली. भारतात चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेतील विद्या रामकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाशी जोडलेल्या फिरत्या गाडीतून नवजात बालकांची श्रवणचाचणी दुरून केली. प्रत्यक्ष चाचणी आणि दूरस्थ चाचणी यांच्या निष्कर्षांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही, असे त्यांच्या २०१३ मधील निबंधात नमूद आहे. त्याच प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांना प्राथमिक तपासणीचे शिक्षण देण्यात आले होते.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे पुण्यासह सर्व देश घरात बंदिस्त झाला आणि प्रयोगादाखल चाललेली ही पद्धती एकाएकी एकमेव पद्धती ठरली. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी होती. वाक्-श्रवणतज्ज्ञांच्या कामाचा, अथवा त्यांच्या सूचनेवरून घरी काम करणाऱ्या आईचा, विचार त्यांच्या कक्षेत येत नव्हता. यंत्राच्या बाबतीतही असेच दिसते. अमेरिकेत २०१७ मध्ये आरोपणाची जुळणी दुरून करण्यास जी पहिली मान्यता मिळाली ती बारा वर्षे व त्यापुढील वयाच्या रुग्णांपुरती होती. ज्यांना तिची निकड सर्वाधिक, ती लहान मुले तिच्याबाहेर राहिली. कारण लहान मूल आपल्याला काय ऐकू येते ते सांगू शकत नाही. ते सांगणारा कोणी तरी त्याच्या जवळ असावा लागतो.

७

हा 'जवळ असणारा' नेमके काय करतो, याचे विवेचन ध्वनिशास्त्राच्या आधारे करता येते. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी जातात. 'स'काराची बरीचशी शक्ती ४००० हर्ट्‌झच्या वर असते. त्यामुळे दूरध्वनीवर 'स' आणि 'फ' यांत गोंधळ होतो, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. नव्या यंत्रणांचा पट्टा अधिक रुंद आहे. परंतु गोंगाट गाळण्यासाठी त्यांत जी योजना असते ती अघोष घर्षक ध्वनींनाही क्षीण करू शकते. म्हणजे मुलाने 'साखर' म्हटले की 'आखर', दंत्य 'च' उच्चारला की 'त', याचा निर्णय पडद्यापलीकडील तज्ज्ञाला खात्रीने देता येईलच असे नाही. तो निर्णय खोलीत बसलेल्या आईने, बापाने अथवा आजीने द्यावयाचा असतो.

प्रतिदिनी करावयाच्या परीक्षेचेही तसेच आहे. डॅनियल लिंग यांनी योजलेली सहा ध्वनींची परीक्षा यंत्र नीट चालते आहे की नाही हे पाहण्यासाठी सर्वत्र वापरली जाते. 'म', 'ऊ', 'आ', 'ई', 'श' आणि 'स' हे ते सहा ध्वनी. सुदैवाने हे सर्व मराठीत आहेत आणि खालपासून वरपर्यंतच्या कंपनसंख्या त्यांत येऊन जातात. ओठ झाकून हे ध्वनी उच्चारावयाचे आणि मूल प्रतिसाद देते की नाही ते पाहावयाचे. ही परीक्षा दुरून विश्वासार्हपणे करता येत नाही, कारण 'स' मुलाला ऐकू आला नाही की तारेतच हरवला, हे समजण्यास मार्ग नाही. तेव्हा दूरस्थ उपचारात कुटुंबाचा सहभाग हा सौजन्याचा किंवा मानसशास्त्रीय आधाराचा भाग नसून ध्वनिवहनाच्या मर्यादेतून निर्माण झालेली ती गरज आहे. टपालाच्या काळात आई संस्थेचे डोळे होती, आज ती तिचे कान आहे.

८

येथे एक सावधगिरीची सूचना करणे प्राप्त आहे. 'कुटुंबाचा सहभाग' या शब्दप्रयोगात 'कुटुंब' याचा व्यवहारातील अर्थ बहुतेक वेळा 'आई' असाच होतो. लुईझ ट्रेसींपासून म्हैसूरच्या शाळेपर्यंत हा इतिहास मातांच्या श्रमाचा इतिहास आहे, आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याही संस्थेच्या जमाखर्चात होत नाही. अंतर तोडण्याचा खर्च शासनाने व संस्थांनी वाचवावयाचा आणि तो आईच्या दिवसातून वसूल करावयाचा, असे होऊ लागल्यास सहभागाचे रूपांतर भारात होईल. धर्मशास्त्राने पोषणाचा भार घरावर सोडला होता. भाषेचाही सर्व भार तसाच घरावर सोडला, तर आपण फारसे पुढे आलो असे म्हणता येणार नाही. दूरस्थ पाठात बाप आणि आजी-आजोबा यांना निश्चित काम नेमून देणे, आणि लिहिता न येणाऱ्या आईलाही आपले निरीक्षण बोलून नोंदविता येईल अशी सोय करणे, हे यावरील काही उपाय होत.

दुसरा प्रश्न संकेतभाषेचा. मिलानच्या ठरावाचा प्रभाव ओसरल्यावर भारतीय संकेतभाषेचा शास्त्रीय अभ्यास झाला व २०१५ मध्ये तिच्यासाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. बहुसंख्य बहिऱ्या मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. त्यामुळे ही भाषाही त्यांना घराबाहेरून शिकावी लागते. पडद्यावर तारेतील ध्वनिदोषांची बाधा हातांच्या संकेतांना होत नाही. म्हणून दूरस्थ शिक्षणात या भाषेला वगळण्याचे कारण नाही. मुलाला कोणती भाषा, याचा निर्णय कुटुंबाने माहितीपूर्वक घ्यावा. मूल भाषेविना राहू नये, ही अट मात्र कोणत्याही पक्षाने मान्य केली पाहिजे.

राहता राहिला आपल्या विभागाचा प्रश्न. लहान मुलांशी होणाऱ्या मराठी बोलण्याचे जे संशोधन १९६४ मध्ये झाले त्याला साठ वर्षे होऊन गेली. त्या काळातील घर आणि आजचे घर एक नाही. आजी दुसऱ्या गावी आहे आणि 'भूभू' व 'डॉगी' एकाच वाक्यात येतात. वेल्ह्यातील, जुन्नरमधील आणि पुण्याच्या पेठांतील आया आज मुलांशी कसे बोलतात याच्या ध्वनिमुद्रित नोंदी करणे, प्रत्ययांची व ध्वनींची श्रवणसुलभता प्रयोगाने मोजणे, आणि त्यावरून मराठीचे स्वतःचे धडे रचणे, हे काम वैद्यकाचे नाही. ते भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचे आहे. पदव्युत्तर प्रबंधांचे विषय निवडताना या क्षेत्राकडे दृष्टी वळवावी, अशी सूचना करून हे विवेचन येथे पुरे करतो.